सगळ्याला एकच इलाज? आधी मीही हसलो होतो (जळगावच्या समुपदेशक मॅडमच्या उपचाराला पाचपैकी चार तारे)

मी एसटीत कंडक्टर, अमळनेर-जळगाव ड्युटी. दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, भरल्या गाडीत पाळधीजवळ छाती धडधडायला लागली. हातातलं तिकिटाचं मशीन लटलटत होतं. वाटलं, आता गेलो. ईसीजी नॉर्मल. हट्टाने पुन्हा काढला, तोही नॉर्मल. मग झोप उडाली, पोरांवर खेकसणं वाढलं. आई म्हणे, "तुले नजर लागनी शे." धडधडीला एक डॉक्टर, झोपेला दुसरे, उदासीला तिसरे.

शेवटी जळगावात एका समुपदेशक मॅडमकडे गेलो. त्यांची पद्धत 'युनिफाइड प्रोटोकॉल', बोस्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बार्लो आणि सहकाऱ्यांची. भीती असो, उदासी असो, नकोशा भावनेला घाबरून पळण्याची खोड सगळीकडे तीच, म्हणून इलाज त्या खोडीवर. मी म्हटलं, हे तर जत्रेतल्या वैदूसारखं झालं, एकच मुळी शंभर रोगांना! त्या हसल्या. 2017 साली चिंतेचे विकार असलेल्या 223 जणांवरचा अभ्यास आला होता म्हणाल्या. प्रत्येक विकाराच्या वेगळ्या उपचाराइतकाच याचा गुण आला, आणि मध्येच सोडणारे यात कमी होते.

वहीत तीन रकाने: आधी काय घडलं, मग मनात-अंगात काय झालं नि मी काय केलं, त्यातून पुढे काय निघालं. आठवडाभर लिहिल्यावर माझी चोरी मलाच सापडली. दर थांब्याला नाडी बघायची, दाराजवळचीच जागा धरायची, खिशात गोळी चाचपायची. त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटे, भीती मात्र वाढे.

मग खरी कसरत. कोल्ड्रिंकच्या बारीक नळीतून श्वास घ्यायचा, खुर्चीत गरगर फिरायचं, जागेवर धावायचं. धडधड मुद्दाम आणायची आणि पळायचं नाही! पहिल्या दिवशी मी नळी फेकून दिली होती. पंधराव्या भेटीपर्यंत मी गच्च गाडीत मधोमध उभा राहून तिकिटं फाडत होतो, खिसा रिकामा. झोपेची गोळी डॉक्टरांनीच हळूहळू कमी केली.

एक तारा कापला तो दोन गोष्टींसाठी. मॅडमनी दिलेल्या कागदांवरचं मराठी फार जड. 'उद्दीपक' म्हणजे काय ते मॅडमनाच विचारावं लागलं. आणि बाहेरच्या बाकावर आतलं बोलणं ऐकू येतं, प्लायवूडची भिंत आहे. मी माझ्या वेळी पंखा पाचवर करायला लावायचो.

भेटीचे आठशे. संध्याकाळची वेळ मागून घ्या, दुपारी तिथपर्यंत चालत जाताच धडधड होते, ती उन्हाची.