एमएस्सीनंतर: पुणं की इथलीच लॅब?

नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरातून मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी झालं की पोरं विचारतात, आता पुढं काय?

पुण्याचं आकर्षण उघड आहे. १९५२ साली सुरू झालेली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तिथं आहे, बीएसएल-४ म्हणजे सर्वांत घातक विषाणू हाताळायच्या प्रयोगशाळेसह. (नवख्याला त्या दारातून लगेच कुणी आत सोडत नाही, ते वेगळं.) जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं.

जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या लॅबमध्ये पगार कमी, नोकरी बहुधा कंत्राटी. पण नमुने! पावसाळ्यात डेंग्यू, बारा महिने टीबीची थुंकी. टीबी तपासणारं जीनएक्सपर्ट यंत्र दोनेक तासांत उत्तर देतं. एलजे माध्यमावर (टीबीचे जंतू वाढवायचं खाद्य) मात्र जंतू वाढायला सहा-आठ आठवडे लागतात. मधेच बुरशी लागली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. हात इथंच बसतो. शिवाय नमुन्यामागचा माणूस बाहेर बाकावर बसलेला दिसतो, हे पुण्यात क्वचितच.

मार्गदर्शन, जर्नल्स, सिक्वेन्सिंग (जनुकांचा क्रम वाचणं) यांत मात्र पुणंच सरस. त्यात वाद नाही.

मला विचाराल तर वर्षभर इथं हात बसवा, सोबत नेटचा, म्हणजे जेआरएफसाठीच्या परीक्षेचा, अभ्यास. फक्त जेआरएफला वयाची अट असते, तेवढं वर्ष मोजून घ्या.