४ इंची बिडाचा बेंच व्हाइस: ड्रिल मशीनच्या आधी हा घ्या

घरी पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा गॅरेजमध्ये छोटं वर्कशॉप करायचं म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ड्रिल मशीन कुठलं घेऊ. मग ऑनलाइन ते शंभर तुकड्यांचं किट येतं, चार दिवस कौतुक होतं आणि त्यातला एखादा स्क्रू ड्रायव्हर सोडला तर बाकीचं तसंच डब्यात पडून राहतं. माझं मत एकदम सरळ आहे, त्याच पैशात आधी एक चांगला बेंच व्हाइस, म्हणजे वस्तू जबड्यात आवळून धरणारा टेबलावरचा शिकंजा, घ्या आणि तो नीट पक्का बसवा. कापणं, घासणं, वाकवणं, भोक पाडणं, आटे पाडणं, यातलं कुठलंही काम घ्या, वस्तू हलली की काम बिघडलं. एका हाताने वस्तू दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत, चालवायचा म्हणजे कापही वाकडा आणि बोटंही धोक्यात. व्हाइस आला की दोन्ही हात मोकळे होतात, खरा फरक तिथे पडतो.

मी घेतलाय तो साधा, ४ इंची म्हणजे १०० एमएमचा, फिक्स बेसचा, बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात हार्डवेअर आणि मशिनरीची दुकानं आहेत तिथून घेतला, दुकानाचं नाव देत नाही कारण माल तिथे सगळीकडे साधारण सारखाच मिळतो. ४ इंच म्हणजे जबड्याची रुंदी, आणि उघडतोही साधारण तेवढाच. घरच्या कामाला हा साइज बरोबर आहे. ३ इंची घेतला तर स्कूटरचा एखादा पार्ट धरायला अपुरा पडतो, ६ इंची घेतला तर तो दोघांनी उचलायचा आणि त्याला तेवढंच दणकट टेबल लागणार. जागा आणि बजेट असेल तर ५ इंची घ्या, ३ वर मात्र उतरू नका. आणि ते टेबलाच्या कडेला स्क्रूने चिमटवायचे किंवा खाली रबराच्या व्हॅक्यूमवर चिकटणारे छोटे व्हाइस असतात ना, ते सर्किट बोर्ड सोल्डर करायला ठीक आहेत, त्यावर कानस मारायला गेलात तर अख्खा व्हाइसच तुमच्याबरोबर पुढेमागे करायला लागेल.

फिक्स बेस का घेतला हेही सांगतो, कारण दुकानात स्विव्हल म्हणजे फिरणाऱ्या बेसचा दाखवतातच आणि बघायला तो भारी वाटतो. कोन बदलून काम करता येतं हे खरं, पण जोरात कानस मारताना किंवा पट्टी वाकवताना त्याचे लॉकचे बोल्ट जरा जरी सैल असले तरी तो हळूच सरकतो. शिवाय त्याच पैशात फिक्स बेसचा घेतला तर बीड जास्त मिळतं. व्हाइसमध्ये वजन हीच ताकद आहे, दोन व्हाइस शेजारी ठेवून उचलून बघा, त्याच साइजमध्ये जड असेल तो घ्या.

घेताना काय बघायचं ते जरा सविस्तर लिहितो कारण इथेच लोक फसतात. आपल्याकडचे बरेचसे व्हाइस पंजाबातून येतात, जालंधर-लुधियानाकडे हँड टूल्सचा मोठा धंदा आहे, आणि त्यात उत्तम मालही असतो आणि अगदी टाकाऊही. बेंच व्हाइससाठी भारतीय मानक आहे, आयएस २५८६, बॉक्सवर तो नंबर असेल तर चांगलं, पण तेवढ्यावर न थांबता स्वतः हाताळून घ्या. पहिलं म्हणजे रंग. ओतकामात हवेची भोकं राहतात, ब्लो होल म्हणतात त्याला, आणि स्वस्त मालात ती लांबी म्हणजे पुट्टी भरून वरून जाड निळा रंग मारून झाकलेली असतात. नखाने किंवा किल्लीने आतल्या बाजूला, पायाच्या खाली जरा खरवडून बघा, पांढरा भुगा निघाला तर परत ठेवा. दुसरं, लटकवून छोट्या हातोडीने हलकेच टकटक करा, खणखणीत आवाज आला पाहिजे, भद्द आवाज आला तर आत कुठेतरी तडा असू शकतो किंवा काहीतरी सैल आहे.

तिसरी टेस्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. कागदाच्या दोन बारीक पट्ट्या घ्या, एक जबड्याच्या डाव्या टोकाला आणि एक उजव्या टोकाला धरून व्हाइस हलका आवळा. दोन्ही पट्ट्या सारख्याच घट्ट बसल्या पाहिजेत. एक निघून येत असेल तर जबडे समांतर नाहीत, आणि अशा व्हाइसमध्ये धरलेली वस्तू कायम तिरकी होणार. मग तो अर्ध्याहून जास्त उघडा आणि पुढचा जबडा हाताने वरखाली, डावीउजवीकडे हलवून बघा. थोडा खेळ सगळ्यातच असतो, पण अगदी खडखडत असेल तर नको. दांडा फिरवताना स्क्रू एकसारखा गेला पाहिजे, मध्येच अडकायला नको. स्क्रूचे आटे चौकोनी असतात, जोर घ्यायला तसेच लागतात, त्यांच्या कडा खाल्लेल्या किंवा ओबडधोबड दिसल्या तर पुढे बघा. माझ्या दुकानदाराने ही सगळी तपासणी शांतपणे करू दिली, चार बॉक्स फोडून दाखवले, ज्याला माल विकायचाय त्याने असंच करावं. मला २ हजारांच्या थोडं वर पडला.

आता तक्रारी. जबड्याच्या पट्ट्या, म्हणजे त्या खाचा पाडलेल्या कडक स्टीलच्या प्लेट, त्यांचे स्क्रू सैल आले होते, आल्या आल्या आवळायला लागले. कास्टिंगच्या कडांना धार होती, कानशीने फिरवून घेतली. दांड्याच्या टोकाच्या गोळ्या नुसत्या दाबून बसवल्यात, त्यातली एक फिरते. यातलं कामाच्या आड येणारं काहीच नाही म्हणून ५ पैकी ४ देतो, पण एवढ्या पैशात फिनिशिंग जरा बरं असायला हरकत नव्हती.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, हा बिडाचा आहे. बीड दाबाला जबरदस्त, पण ठिसूळ. त्याच्यात ग्राफाइट बारीक पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं, तडा गेला की त्या पापुद्र्यांवरून सरसर पळतो. एसजी आयर्नचे व्हाइस येतात त्यात तेच ग्राफाइट गोल दाण्यांसारखं असतं म्हणून ते धक्का जास्त सोसतात, महागही असतात. आपल्या साध्या बिडाच्या व्हाइसला दोन गोष्टी चालत नाहीत. दांड्याला पाइप घालून आवळणं ही पहिली, दांड्याची लांबी हाताच्या जोराचा विचार करून ठेवलेली असते, पाइप घातला की तो जोर कितीतरी पटीने वाढतो आणि आतलं नट किंवा मागचा जबडाच फुटतो. आणि पुढच्या, सरकणाऱ्या जबड्यावर घणाघाती ठोकणं ही दुसरी. ठोकायचंच असेल तर जोर मागच्या फिक्स जबड्याकडे जाईल असं ठोका. मागे जी सपाट जागा असते तिच्यावर तार सरळ करा, रिबेट बसवा, पण तिला ऐरण समजू नका.

बसवण्यावर तर मी म्हणेन निम्मं यश आहे. चांगला व्हाइस हलक्या टेबलावर बसवला तर त्याला काही अर्थ नाही. माझं टेबल लोखंडी अँगलचं आहे, वर जुन्या दाराची सागाची जाड फळी, आणि टेबल भिंतीला अँकर बोल्टने बांधलंय. प्लायवूड वापरणार असाल तर १९ एमएमचे दोन थर एकमेकांना चिकटवून घ्या. लाकडात नुसते स्क्रू मारून व्हाइस बसवू नका, ते महिन्याभरात ढिले होतात. आरपार भोक पाडून १० किंवा १२ एमएमचे बोल्ट टाका आणि खालून मोठे वायसर किंवा सरळ लोखंडी पट्टी लावून आवळा. जागा टेबलाच्या पायाच्या जवळ, मध्यभागी नको, मधली फळी लवते. आणि व्हाइस असा पुढे घ्या की मागचा फिक्स जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर येईल, तसं केलं तरच लांब पाइप किंवा सळई उभी धरता येते, नाहीतर ती टेबलाच्या कडेला अडते. हे बहुतेक घरी चुकलेलं दिसतं.

उंचीसाठी आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये शिकवतात तो नियम बेस्ट आहे. सरळ उभं राहायचं, मूठ हनुवटीखाली धरायची, कोपर व्हाइसच्या जबड्याला टेकलं पाहिजे. टेबल ठेंगणं असेल तर व्हाइसखाली लाकडी ठोकळा द्या. पाठ वाचते, आणि कानस सपाट चालते.

कानस म्हटली की आमच्या रत्नागिरीचं नाव घ्यायलाच पाहिजे, जेके फाइल्सचा कारखाना तिथे आहे, आणि पक्कड म्हटली की तपारिया, ती नाशिकची. व्हाइसबरोबर एक १० इंची बास्टर्ड म्हणजे जाड दात्यांची, एक स्मूथ म्हणजे बारीक दात्यांची, एक अर्धगोल, एवढ्या तीन कानशी आणि बारा इंची हॅक्सॉ फ्रेम घेतली की घरचं बहुतेक काम निघतं. कानस पुढे ढकलताना कापते, मागे आणताना उचलायची, घासत ओढली तर दाते बोथट होतात. ॲल्युमिनियम घासताना दात्यात चिकटतं, आधी कानशीवर खडू फिरवा म्हणजे भरत नाही. हॅक्सॉचं ब्लेड दाते पुढच्या बाजूला करून लावायचं. जाड सळईला इंचाला १८ दात्यांचं, पातळ पाइप किंवा पत्र्याला २४ चं, कारण एका वेळी निदान तीन दाते धातूवर टेकलेले पाहिजेत, नाहीतर ब्लेड अडकतं आणि तुटतं. आणि काप जबड्याच्या अगदी जवळ ठेवा, लांब ठेवला की वस्तू थरथरते आणि तो कर्कश आवाज अख्ख्या सोसायटीला ऐकू जातो.

बोल्ट कापायचा असेल तर आधी त्याच्यावर नट चढवून घ्या, मग कापा, कडा कानशीने मोडा आणि नट काढा, नट बाहेर येताना दबलेले आटे आपोआप सरळ करत येतो. आट्यांवर खाचांच्या जबड्याची पकड बसू देऊ नका. त्यासाठी ॲल्युमिनियम अँगलचे दोन तुकडे जबड्याइतके कापून वर ठेवा, झाले सॉफ्ट जॉ, फॅब्रिकेशनवाल्याकडे तुकडे फुकट मिळतात. गोल पाइप धरायला लाकडाच्या दोन तुकड्यांत व्ही आकाराची खाच पाडून ठेवलीय. पीव्हीसी आणि सायकलची फ्रेम कधीच नुसत्या जबड्यात धरू नका, चेपते.

आणि माझा सगळ्यात आवडता उपयोग, व्हाइसचा प्रेस म्हणून. पंपाची किंवा कूलरची जुनी बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, काढायची असेल तर एका बाजूला बुशपेक्षा किंचित लहान पान्याचं सॉकेट, दुसऱ्या बाजूला बुश आत जाईल एवढं मोठं सॉकेट, मध्ये वस्तू, आणि हळूहळू आवळायचं. हातोडी न लावता बुश सरळ बाहेर. नवी बसवताना तसंच, फक्त ती सरळ बसलीय ना ते पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच बघायचं. बेअरिंग असेल तर दाब त्याच रिंगवर द्यायचा जी घट्ट बसतेय, बाहेरची रिंग बसवायची तर बाहेरच्याच रिंगवर, आतल्या रिंगवर दाबलं तर जोर गोळ्यांवरून जातो आणि नवं बेअरिंगसुद्धा आवाज करायला लागतं.

देखभाल फार नाही. स्क्रूला ग्रीस पातळ लावा, थापू नका, कारण लोखंडाचा भुगा ग्रीसमध्ये बसून आटे खातो. काम झालं की ब्रशने भुगा झाडा, तोंडाने फुंकू नका, डोळ्यात जातो, आणि कापताना चष्मा लावाच. आमच्याकडे पावसाळ्यात बीड रातोरात लाल होतं, त्यामुळे जूनच्या आधी जबडे आणि सरकायची बाजू इंजिन ऑइलच्या फडक्याने पुसून घ्यायची. आणि रात्री दांडा उभा, खाली लोंबता ठेवा, आडवा राहिला तर अंधारात बरोबर मांडीला लागतो, लहान पोरांच्या तर डोक्याच्या उंचीला येतो.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी भिंतीला न बांधता जड लाकडी बाकावर बसवला आणि बाकाच्या खालच्या फळीवर दोन-तीन सिमेंटचे ठोकळे ठेवले तरी चालतो. फ्लॅटमध्ये बाल्कनीत बसवणार असाल तर पायाखाली रबर मॅट टाका आणि दुपारी २ ते ४ कानस बंद.