दंडावरचा शुगर सेन्सर: देवगडच्या दमट हवेत काही महिने वापरून

लेकीला टाइप १ मधुमेह आहे. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यामुळे इंजेक्शनं कायमची. सेन्सर लावला म्हणून ती सुटत नाहीत. वाडीत सगळे हेच विचारतात, म्हणून आधीच सांगते.

सेन्सर दंडाच्या मागे लावला की १४ दिवस चालतो. फोनवर साखरेचा आकडा दिसतो आणि साखर कुठे चाललीय ते दाखवणारा बाणही. मला आकड्यापेक्षा त्याच्या बाजूचा बाण मोलाचा वाटतो. १२० आणि बाण आडवा असेल तर पोर निर्धास्त खेळायला जाते. १२० आणि बाण खाली असेल तर आधी काहीतरी खाते. बोट टोचून रक्ताच्या थेंबातून तेवढ्या वेळेपुरताच आकडा कळायचा.

आंब्याच्या दिवसांत तर त्याचा फारच आधार झाला. हापूसच्या १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं असतात. फोडी काट्यावर मोजायच्या, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या हिशेबाने इन्सुलिन घ्यायचं, तेही जेवणाच्या पंधरा मिनिटं आधी. फोनवरचा साखरेचा आलेख फारसा चढला नाही. घरची कलमं असताना पोरीला आंबा नाही म्हणायचं, हे माझ्या जिवावर यायचं. सकाळच्या पेजेने मात्र तिची साखर झरझर वर जाते. सोबत उसळ असली तर जरा सावकाश.

त्रास आहे तो चिकटण्याचा. मे महिन्यात घामाने कडा सुटतात. आदल्या रात्रीपासून त्या दंडाला खोबरेल लावत नाही, स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू देते, वरून मेडिकलमधली टेप लावते.

बोटाच्या थेंबातून साखर मोजणारा ग्लुकोमीटर मात्र हवाच. सेन्सरच्या कुशीवर झोपली की दंड दाबला जातो आणि सेन्सर खोटी कमी साखर दाखवतो. रात्री फोनवर साखर कमी झाल्याचा गजर झाला, ५८ दिसले, बोटावर तपासलं तर १०४! शिवाय तो रक्तातली नाही, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे काही मिनिटं मागे असतो. साखर खरंच ७० च्या खाली गेली की आम्ही १५ ग्रॅम ग्लुकोज देतो आणि पंधरा मिनिटांनी बोटावर तपासतो. तेव्हाही सेन्सर कमीच दाखवत असतो. त्याच्यावर विसंबून आणखी गोड दिलं तर नंतर साखर चढते.

पावसात वीज गेली आणि फोन बंद पडला, तर गजरही वाजत नाही. पॉवर बँक भरलेली ठेवा.

महिन्याला दोन सेन्सर सगळ्यांना परवडत नाहीत. डॉक्टरांना विचारून डोस बदलताना एखादा लावला तरी बरंच कळतं. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांत मात्र काटकसर करू नका.