सात महिने वापरून: 1,900 रुपये वाचले, बर्फ मात्र हटेना

मार्चमध्ये पुण्याहून सोलापूरला परत येताना हुतात्मा एक्सप्रेसमध्ये कुर्डुवाडीच्या अलीकडेच फोन मेला. तिकीट फोनमध्ये. टीसीला नाव आणि सीट नंबर सांगितला, आधार कार्ड दाखवलं, त्याने यादीत बघून सोडलं. पण शेजारच्या आजोबांनी ज्या नजरेने बघितलं ती अजून आठवते. दिवाळीत घेतलेला फोन, साडेतेरा हजार मोजलेले, 5000 एमएएचची बॅटरी.

पहिले तीन महिने तक्रार नव्हती, खरं तर कौतुकच होतं. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत दिवसभर फोटो, व्हिडिओ काढले, तरी रात्री 30 टक्के उरलेले. फेब्रुवारीपासून मात्र सकाळी नऊला 100 टक्के घेऊन निघायचो आणि दुपारी तीनला फोन लाल.

आधी लॉकस्क्रीनवर संशय घेतला. या फोनमध्ये लॉकस्क्रीनवर दर वेळी नवा फोटो येतो आणि त्याखाली कसलीतरी बातमी किंवा जाहिरात. मी कधी मागितलं नव्हतं. कधी नॉर्वे, कधी स्वित्झर्लंडचा बर्फ. इथे घाम पुसत फोन उचलावा तर समोर बर्फ! ते बंद करायची जागा शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. बंद केलं, तरी बॅटरी तशीच. नंतर बॅटरीच्या यादीत बघितलं तर त्याचा वाटा जेमतेम दोन टक्के. तरीही माझा राग गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मग सर्व्हिस सेंटर. दोन दिवस फोन ठेवून घेतला, फॅक्टरी रीसेट केला (व्हॉट्सॲपचे जुने मेसेज गेले ते गेलेच) आणि सांगितलं, बॅटरी बदला, 1,900 रुपये. फोनची वॉरंटी वर्षाची, पण बॅटरीची म्हणे सहाच महिने आणि ती मागच्याच आठवड्यात संपलेली. काउंटरवरच्या पोराशी अर्धा तास वाद घातला. तो शेवटी म्हणाला, "काका, बाहेर हजारात टाकून देतील." हजाराची कुठली बॅटरी कोण जाणे, आणि ती फुगली तर स्क्रीनही उचलते. फोन घेऊन तसाच घरी आलो.

गाठ सोडवली ती बायकोने. म्हणाली, "रविवारी तर तुमचा फोन रात्रीपर्यंत पुरतोय की. कारखान्यातच काय होतंय त्याला?"

मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. फेब्रुवारीतच आमचं ऑफिस पुढच्या खोलीतून मागच्या शेडमध्ये हलवलं. वर पत्रा, बाजूला पत्रा, पलीकडे लूमची खटखट. वाद घालताना ही गोष्ट मला एकदाही सुचली नाही.

त्या दिवशी कारखान्यात फोन सेफ मोडमध्ये चालवला. त्यात आपण टाकलेली सगळी ॲप्स झोपतात. तरी तासाला नऊ टक्के खाली. म्हणजे ॲपचा दोष नाही. मग विमान मोड लावून टेबलावर ठेवला, दोन तासांत एक टक्का. म्हणजे बॅटरीही धड आहे, फोन सिग्नलसाठी झटत होता. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल'च्या आत सिम स्टेटस असतं, तिथे सिग्नलचा आकडा दिसतो. माझ्या टेबलावर उणे 118, गेटजवळच्या चहाच्या टपरीवर उणे 88. आकडा शून्याकडे जितका जवळ तितकी रेंज चांगली, आणि दर 10 ला दहापट फरक. म्हणजे पत्र्याखाली सिग्नल हजारपट कमजोर! फोन टॉवरपर्यंत पोचायला जोर लावतो आणि तो जोर बॅटरीतून जातो. त्यात बँकेच्या ओटीपीसाठी ठेवलेल्या दुसऱ्या सिमला शेडमध्ये रेंजच नाही, ते दिवसभर टॉवर शोधत बसायचं. गाडीत पळताना टॉवर सारखे बदलतात, मधल्या पट्ट्यात रेंज जाते. हुतात्मात मेला तो बहुधा तसाच.

उपाय फुकट निघाला. नेटवर्क 5जीवरून 4जीवर आणलं, ऑफिसचं वायफाय जोडून वायफाय कॉलिंग सुरू केलं, दुसरं सिम कामाच्या वेळेत बंद. ओटीपी लागला की टपरीवर जाऊन चालू करतो, त्या निमित्ताने चहा होतो. त्यानंतर संध्याकाळी सहाला 46 टक्के उरायला लागले. एक स्टार द्यायला बसलो होतो, चार देतो.

मेमध्ये मात्र 46 चे 38 झाले. शेडमध्ये फोन हाताला चटका देतो, आणि उष्णतेने लिथियमची बॅटरी कायमची झिजते, ती झीज भरून येत नाही. कव्हर काढलं, पत्र्याला लागून असलेल्या खिडकीतून उचलून टेबलाच्या खणात ठेवायला लागलो, स्कूटरच्या हँडलवरचा स्टँडही काढला. रिसेंटमधली (नुकतीच उघडलेली) ॲप्स सारखी पुसायची सवयही सोडली. ती पुन्हा उघडताना जास्त खातात.

अर्धा स्टार मात्र कापतो. परवा रात्री अपडेट आलं. सकाळी उठून बघतो तर लॉकस्क्रीनवर पुन्हा बर्फ.