टेक्सास की साउथ डकोटा? बिनलग्नाच्या फिरत्या संसाराचा पत्ता

अमेरिकेत घर विकून ट्रेलरमध्ये राहायला निघालेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळतं की या देशात घराशिवाय जगता येतं, पत्त्याशिवाय नाही. लायसन्स, विमा, टॅक्स, मुलाचा डॉक्टर, प्रत्येकाला एक राज्य हवं असतं. आमच्यासारखे बारमाही फिरस्ते बहुतेक तीनच राज्यांतून निवड करतात: टेक्सास, साउथ डकोटा, फ्लोरिडा. तिन्हीकडे राज्याचा इन्कम टॅक्स नाही आणि टपाल पुढं पाठवणाऱ्या सेवांचा धंदा तिन्हीकडे जोरात आहे. एवढं तुम्हाला माहीतच असणार, तेव्हा त्यात वेळ घालवत नाही.

आमची गोष्ट दोन बाबतींत वेगळी आहे. एक म्हणजे आम्ही तिघं आहोत: मी, माझी जोडीदार आणि सात वर्षांचा मुलगा. आणि आम्ही लग्न केलेलं नाही. दुसरं म्हणजे उत्पन्न बेताचं आहे. मी लॅपटॉपवर छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट सांभाळतो, वर्षाला चौतीस हजार डॉलरच्या आसपास. ती उन्हाळ्यात कॅम्पग्राउंडवर काम करते, अकरा हजार. त्यामुळे सरकारी योजनांशी संबंध येतोच. आधी दोन वर्षं आमचा पत्ता टेक्सासचा होता, 2023 पासून साउथ डकोटाचा आहे. फ्लोरिडा आम्ही कधी करून पाहिलं नाही, म्हणून त्यावर फार बोलत नाही. मुलाला घरी शिकवायचं तर तिथं काउंटीला कळवावं लागतं आणि दरवर्षी मूल्यमापन द्यावं लागतं, इतकं ऐकूनच आमच्या हिने नाव खोडलं. (आम्ही दोघं नागरिक आहोत. ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाली नसतील तर मेडिकेडचं, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्यविम्याचं, गणित वेगळं आहे, ते आधी पाहा.)

सुरुवातीलाच एक गफलत दूर करतो, कारण ती मी स्वतः केली होती. लायसन्ससाठीचं रहिवासीपण आणि योजनांसाठीचं रहिवासीपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साउथ डकोटात एका रात्रीची कॅम्पग्राउंडची पावती आणि एक प्रतिज्ञापत्र दिलं की पाच वर्षांचं लायसन्स हातात पडतं. टेक्सासमध्ये जुन्या राज्याचं लायसन्स जमा केलं की तीस दिवसांची अट सुटते. पण मेडिकेडवाले विचारतात की तुम्ही राहता कुठं आणि पुढं राहायचा इरादा कुठला. कायमचं घर नाही म्हणून ते नाकारू शकत नाहीत, अमुक महिने राहिलाच पाहिजे असंही म्हणू शकत नाहीत. तात्पुरतं बाहेर गेलात आणि परत यायचा इरादा असेल तरी चालतं. पण पाच वर्षांतून एक रात्र झोपायला येणाऱ्याने 'मी इथलाच' म्हणून मेडिकेडच्या अर्जावर सही करणं मला काही बरोबर वाटत नाही. आम्ही मे ते सप्टेंबर साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्समध्ये असतो, तिचं काम तिथं, मुलाचा दातांचा डॉक्टर रॅपिड सिटीत. हिवाळा टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रँड खोऱ्यात. म्हणजे दोन्ही राज्यांवर आमचा थोडाफार खरा हक्क होता, आणि म्हणूनच निवड अवघड गेली.

टेक्सासच्या बाजूने बोलायचं तर पुष्कळ आहे. हवा आहे, डिसेंबरात शर्टावर बसता येतं. साउथ डकोटात ऑक्टोबर संपता संपता ट्रेलरच्या पाण्याच्या नळ्या गोठायला लागतात. लायसन्स आठ वर्षांचं. किराण्यावर टॅक्स नाही. साउथ डकोटा अजून डाळतांदळावर 4.2 टक्के घेतं, वर गावाचा टॅक्स निराळा, आणि दर वेळी बिल पाहून माझी चिडचिड होते. घरी शिकवण्याबद्दल टेक्सास कुणाला काही कळवायला लावत नाही. साउथ डकोटातही 2021 नंतर तो त्रास उरलेला नाही, एकदा कळवलं की झालं. माणसं दोन्हीकडची भली.

फूड स्टॅम्प, म्हणजे स्नॅप, यात लग्न केलं काय न केलं काय, फरक नाही. दोघांचं मूल एकत्र राहत असेल तर तिघांचं एक कुटुंब धरतात आणि दोघांचं उत्पन्न मोजतात. आम्हाला ते एकच वर्ष मिळालं, काम कमी होतं तेव्हा. ज्या वाहनात राहता ते मालमत्तेत धरत नाहीत आणि कार्ड कुठल्याही राज्यात चालतं. मात्र महिनोन्‌महिने दुसऱ्याच राज्यात खरेदी दिसली तर विचारणा होऊ शकते.

खरा फरक मेडिकेडमध्ये पडतो. साउथ डकोटाच्या मतदारांनी 2022 च्या नोव्हेंबरात मेडिकेडचा विस्तार (कमी उत्पन्नाच्या आणखी प्रौढांना ते देणं) मंजूर केला आणि 1 जुलै 2023 पासून तो लागू झाला. टेक्सासने आजवर तो केलेला नाही. त्याचा अर्थ आमच्या घरात असा होतो. लग्न नसल्यामुळे तिचं मेडिकेड मोजताना माझं उत्पन्न धरत नाहीत. मुलगा तिच्या टॅक्स रिटर्नवर असल्याने तिचं कुटुंब दोघांचं. 2025 ची संघीय दारिद्र्यरेषा दोघांसाठी 21,150 डॉलर होती आणि विस्तार झालेल्या राज्यात त्या रेषेच्या 138 टक्क्यांपर्यंत मेडिकेड मिळतं. अकरा हजारवाली ती सहज बसते. (मुलाच्या बाबतीत मात्र आई, बाप आणि तो असे तिघं आणि दोघांचं उत्पन्न धरतात. त्याला दोन्ही राज्यांत काही ना काही मिळतंच.) टेक्सासमध्ये आईबापांसाठीची मर्यादा महिन्याला काहीशे डॉलर इतकी खाली आहे, तिथं ती बसत नव्हती. आणि बाजारातल्या विम्याला सरकारी सवलत हवी तर उत्पन्न किमान दारिद्र्यरेषेइतकं लागतं, तिथंही ती बसत नव्हती. ना इकडची ना तिकडची. गंमत अशी की लग्न केलं असतं तर आमचं एकत्र उत्पन्न तिघांच्या रेषेच्या वर गेलं असतं आणि तिला सवलतीचा विमा मिळाला असता. म्हणजे टेक्सासमध्ये लग्न परवडतं, साउथ डकोटात न करणं परवडतं. टेक्सासच्या त्या दोन वर्षांत ती विम्याशिवाय होती आणि दर खोकल्याला मी आकडे मोजत होतो.

तरीही, खरं सांगायचं तर, आम्ही राज्य बदललं ते या हिशेबामुळे नाही. बदललं ते एका उखाण्यामुळे.

2023 चा जानेवारी. खोऱ्यातून वर एका मोठ्या शहरात, तिथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेलो. सहा महिने मराठी कानावर पडलेलं नव्हतं, तिळाच्या वड्या होत्या, मुलगा खूश. दारातच सभासदत्वाची पावती फाडली, तीवर 'श्री. व सौ.' लिहिलं गेलं. मी काही बोललो नाही. मराठीत जोडीदाराची ओळख करून देऊन बघा एकदा. 'आमची ही' म्हणा, 'मिसेस' म्हणा, 'घरचे' म्हणा, भाषा तुमचं लग्न लावूनच सोडते. मग बायकांनी आग्रह धरला, नाव घ्या, नाव घ्या. ती मुळातच गमत्या स्वभावाची, तिने घेतलं:

'तिळाच्या वडीवर खोबऱ्याचा कीस,
अमुकरावांच्या ट्रेलरची लांबी फूट अठ्ठावीस.'

हशा, टाळ्या. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि रात्री मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

दोन दिवसांनी शेजारच्या ट्रेलरमधल्या आजोबांनी सहज सांगितलं की टेक्सासमध्ये लग्नाला कागद लागतोच असं नाही. मी हसलो. मग शोधलं आणि हसू गेलं. तिथल्या कुटुंब कायद्यात 'अनौपचारिक विवाह' आहे. दोघांनी आपण नवराबायको आहोत असं ठरवलेलं असावं, त्या राज्यात नवराबायको म्हणून एकत्र राहिलेलं असावं आणि लोकांना तसं सांगितलेलं असावं. तिन्ही गोष्टी जमल्या की लग्न झालं, पूर्ण कायदेशीर, मोडायला रीतसर घटस्फोट लागतो. अमुक वर्षं एकत्र राहिलं पाहिजे ही अट नाही, ती नुसती ऐकीव गोष्ट. आणि टेक्सासमध्ये असं लग्न झालं की दुसऱ्या राज्यात गेलात तरी ते सुटत नाही. संघीय टॅक्सवालेही ते लग्नच मानतात.

आता मांडा हिशेब. एकत्र राहणं, दोन हिवाळे. लोकांना सांगणं, पावतीवर लेखी आणि उखाण्यात तोंडी, वर चित्रीकरण. राहिलं ते 'ठरवणं'. ते आम्ही ठरवलेलं नाही, हे आम्हा दोघांना पक्कं माहीत आहे. पण टॅक्सच्या कागदावर आणि मुलाच्या विम्याच्या अर्जावर 'अविवाहित' या चौकटीत खूण करताना खाली खोटं लिहिल्यास शिक्षा असं छापलेलं असतं, आणि माझा हात तिथं थबकायला लागला. अर्ध्या तासासाठी एक वकील गाठला. उखाणा म्हणजे काय हे समजावण्यात वीस मिनिटं गेली, आणि तो मिनिटांवर पैसे घेतो. त्याचं म्हणणं, एका पावतीने लग्न होत नाही, तिन्ही अटी एकाच वेळी लागतात, घाबरू नका. बरोबरच असणार. पण निघताना त्याने विचारलं, 'हॉस्पिटलच्या फॉर्मवर नातं काय लिहिता?' मी काय लिहिलं होतं ते मला आठवेना. ट्रेलर लावायच्या आरव्ही पार्कच्या नोंदवहीत, मुलाच्या पोहण्याच्या वर्गात, लायब्ररीत, कुठं कुठं काय लिहिलं असेल? आपलं लग्न झालंय की नाही हे आपल्याच जुन्या फॉर्मांवरून शोधत बसायचं, हा त्रास कुणाला लहान वाटेल. मला तो पुरला.

साउथ डकोटाने ही असली लग्नं 1959 मध्येच बंद केली. परवाना काढा, विधी करा, नाहीतर तुम्ही अविवाहित, विषय संपला. (फ्लोरिडातही 1968 पासून नाहीत, त्यांच्या बाजूने एवढं नोंदवतो.) त्या उन्हाळ्यात वर गेलो तो पत्ता बदलूनच. जुलैत विस्तार लागू झाला आणि तिने अर्ज केला. कारकूनबाईंनी विचारलं, 'लग्न झालंय?' ती म्हणाली, 'नाही.' बाईंनी खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला. दोन वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

आता साउथ डकोटाचे काटेही सांगितले पाहिजेत. तिथलं मेडिकेड बाहेरच्या राज्यात, तातडीचं सोडलं तर, जवळजवळ निरुपयोगी आहे. गेल्या मार्चमध्ये न्यू मेक्सिकोत मुलाचा कान दुखायला लागला, रात्रभर रडला. सकाळी जे क्लिनिक उघडं मिळालं त्यांनी कार्ड उलटसुलट पाहून परत केलं, मी रोख मोजले. हे टेक्सासच्या कार्डाचंही होतंच, पण टेक्सासमध्ये आम्ही पाच महिने असतो, न्यू मेक्सिकोत पाच दिवस. हिवाळ्यात तिला काही झालं तर डॉक्टर दीड हजार मैलांवर. म्हणून दातांपासून रक्तापर्यंत सगळ्या तपासण्या आम्ही उन्हाळ्यातच उरकतो.

दुसरा काटा टपालाचा. मेडिकेडच्या नूतनीकरणाचं पत्र साउथ डकोटातल्या पेटीत पडतं, तिथून आमच्यापर्यंत येईस्तोवर उत्तराची मुदत संपत आलेली असते. पाकिटं उघडून स्कॅन करून पाठवणारी सेवा घ्या, महिन्याचे जादा पैसे लागतात पण घ्या. 2025 च्या नव्या कायद्याने हे आणखी महत्त्वाचं होणार आहे. विस्तारातल्या प्रौढांची पात्रता वर्षातून एकदाऐवजी दर सहा महिन्यांनी तपासायची ठरलंय. 2027 पासून महिन्याला ऐंशी तास कामाची अटही येतेय. तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे आईबाप त्यातून वगळलेत, म्हणजे आमची सध्या सुटका आहे, तुमचं मूल मोठं असेल तर नाही.

मतदानाचंही बघा. 2023 पासून तिथं नोंदणीआधी तीस दिवस राहणं लागतं. आम्हाला अडचण नाही, वाटेत एक रात्र थांबणाऱ्यांना आहे.

तेव्हा, वर्षातले पाच-सहा महिने खरोखर टेक्सासमध्येच जात असतील, दोघांचंही उत्पन्न ठीक असेल किंवा लग्न करायला तुमची हरकत नसेल, तर टेक्सास घ्या, मी अडवणार नाही. हवा तर नक्कीच चांगली आहे. दोघांपैकी एकाचं उत्पन्न फार कमी असेल, लग्न नसेल, करायचं नसेल आणि उन्हाळा उत्तरेला काढता येत असेल, तर मला विचाराल तर साउथ डकोटा. मी वकील नाही. आणि एक कबूल करतो, पत्ता बदलल्याने ती भानगड पुरती मिटत नाही. हिवाळ्यात आम्ही टेक्सासमध्ये एकत्र राहतोच, आणि कायदा लायसन्स कुठलं ते विचारत नाही. म्हणून टेक्सासच्या सीमेवरचा रेड रिव्हरचा पूल ओलांडला की माझी भाषा बदलते. नोंदवहीत 'जोडीदार' लिहितो. उखाणे बंद.

या जानेवारीत परत त्या मंडळात गेलो. पावतीच्या टेबलावर खजिनदार पेन सरसावून बसले होते. म्हटलं, 'श्री. व सौ.' नको, दोन नावं वेगवेगळी लिहा. त्यांनी माझं लिहिलं, मग तिचं नाव विचारलं, थोडा विचार केला आणि पुढं सुबक अक्षरात 'श्रीमती' लावलं. मग मान वर करून तिच्याकडे अतिशय सहानुभूतीने पाहिलं. मी शेजारीच उभा होतो, तिळाची वडी खात.