आग्रा-जयपूरला मुलांना घेऊन निघताय? गाडी, गाईड आणि दुकान यांची साखळी आधी ओळखा

दिल्ली-आग्रा-जयपूरच्या सहलीत मराठी कुटुंबांचे पैसे सहसा चोरीला जात नाहीत. ते हसतखेळत, आपल्याच हातांनी जातात. फसलो हे कळतं घरी आल्यावर, शेल्फवरच्या ‘संगमरवरी’ पेटीवर पोरांच्या नखाचा ओरखडा उठतो तेव्हा.

इथली फसवणूक कुणा एकट्याची नसते. गाडीवाला गाईडकडे देतो, गाईड दुकानात नेतो, आणि तुम्ही जे काही घ्याल त्यातला वाटा दुकानदार मागे पोचवतो. म्हणून तर गाईड दोनशे रुपयांत दिवसभर फिरायला तयार होतो आणि लॉकर फुकट मिळतो. मुलं सोबत असली की या लोकांचं काम सोपं होतं. दमलेलं, भुकेलं, शू लागलेलं मूल कडेवर असताना कोणी घासाघीस करत बसत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. “साहब, एसी में बैठिए, बच्चों को पानी पिलाइए, देखने का कोई पैसा नहीं” या वाक्यावर निम्मा धंदा चालतो.

गंडण्याची सुरुवात घरी बसल्या बसल्याच होते. ताजमहाल शुक्रवारी पर्यटकांसाठी बंद असतो, दिल्लीचा लाल किल्ला सोमवारी. शनिवार-रविवार जोडून निघणाऱ्यांना स्वस्तातलं पॅकेज विकताना आग्रा नेमकं शुक्रवारी बसवतात आणि कागदावर ‘ताजदर्शन’ एवढंच लिहितात. प्रत्यक्षात यमुनेपलीकडच्या मेहताब बागेतून ताज दाखवतात. बाग सुंदर आहे, पण ताज आतून बघायला आलेल्या मुलांचा हिरमोड होतो आणि कागदावर कुठे खोटं लिहिलेलं नसल्यामुळे भांडताही येत नाही. तेव्हा लेखी मागा: ‘ताजमहाल आतून, मुख्य मकबऱ्याच्या तिकिटासह, अमुक वार’. निजामुद्दीनहून आग्र्याला जाणारी गतिमान एक्सप्रेससुद्धा शुक्रवारी धावत नाही.

हॉटेलचा फोन नंबर सर्चमध्ये पहिला दिसला म्हणून लावू नका. नकाशावरच्या नोंदीत भलताच नंबर घुसवून आगाऊ पैसे उकळणारे आहेत. खूण सोपी आहे. पैसे हॉटेलच्या नावावर न जाता एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले जातात, आणि ‘फॅमिली रूमची ऑफर अर्ध्या तासात संपेल’ अशी घाई केली जाते. पैसे भरण्याआधी हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या नंबरावर फोन करून बुकिंग पडताळा.

गाडीच्या भाड्यात किलोमीटरचा दर बघून निर्णय घेणं ही सर्वांत महागडी चूक. समजा पाच दिवसांची सहल आहे. एक जण म्हणतो 11 रुपये किलोमीटर, रोजचे किमान 300 किलोमीटर. दुसरा म्हणतो 12 रुपये, किमान 250. पहिला स्वस्त वाटतो. पण त्याचे 1500 किलोमीटर धरले जाणार, म्हणजे 16,500 रुपये. दुसऱ्याचे 1250, म्हणजे 15,000. प्रत्यक्षात दिल्ली-आग्रा सुमारे 230, आग्रा-जयपूर 240, जयपूर-दिल्ली 280 आणि शहरातलं फिरणं मिळून नऊशेच्या आसपास होतात, तेव्हा दोघेही न धावलेल्या किलोमीटरचे पैसे घेतातच. ती रीत आहे, फसवणूक नव्हे. फसवणूक पुढे होते: ड्रायव्हरचा भत्ता, रात्रीचा आकार, टोल, पार्किंग, राज्याचा कर हे सगळं ‘एक्स्ट्रा’ म्हणून शेवटच्या दिवशी, विमान गाठायच्या घाईत समोर येतं.

त्यामुळे ठरवताना पाच गोष्टी लिहून घ्या. किमान किलोमीटर किती, मीटर तुमच्या दारापासून सुरू की त्याच्या गॅरेजपासून, भत्ता रोजचा किती, टोल-पार्किंग धरून की सोडून, आणि गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट, म्हणजे देशभर पर्यटक नेण्याचा परवाना, आहे का. राज्याचा कर म्हणून रोख मागितली तर त्या गाडीचा नंबर छापलेली पावती मागा. टोल फास्टॅगमधून कापला जातो, त्याचा मेसेज येतो. तोंडी बेरीज न ऐकता मेसेज दाखवायला सांगा. निघताना आणि सोडताना मीटरचा फोटो काढा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असलेली गाडीच भाड्याची. इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी हजार-दोन हजारांनी स्वस्त पडते, पण भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. मुलांना घेऊन हा जुगार खेळू नये.

आता आग्रा. ताजच्या आसपासच्या दलालांना तिकडे लपके म्हणतात. गाडी पूर्वेकडे शिल्पग्रामच्या पार्किंगला लागली की ते खिडकीशी हजर. “लाइन दो घंटे की है, वीआईपी एंट्री करा दूँगा, चार लोग का तीन हज़ार.” हिशोब असा आहे: भारतीयांना सध्या प्रवेश 50 रुपये आणि मुख्य मकबऱ्यावर चढायचं तर आणखी 200. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. म्हणजे आईबाबा आणि दहा-बारा वर्षांची दोन मुलं यांचा अधिकृत खर्च 500 रुपये. लपका मुलांचेही पैसे घेतो, कारण मुलं मोफत आहेत हे बहुतेकांना माहीतच नसतं. उंच वाढलेल्या चौदा वर्षांच्या मुलाचं आधार कार्ड जवळ ठेवा, दारावर वयावरून वाद होतो. पुरातत्त्व खात्याच्या बाकीच्या स्मारकांनाही हीच सवलत आहे. तिकीट आदल्या रात्री मोबाइलवर काढून ठेवलंत तर लपक्याकडे विकायला काही उरत नाही. तिकीट आत शिरल्यापासून तीन तास चालतं, त्यामुळे आत गेल्यावर गाईडच्या गप्पा बाहेरच्याच चबुतऱ्यावर लांबू देऊ नका.

पार्किंगपासून पूर्व दरवाजा जेमतेम किलोमीटरभर. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या तिथून सुटतात. उंटगाडी किंवा टांगेवाला ‘बच्चा फ्री’ म्हणून आधी मुलाला उचलून बसवतो आणि भाडं उतरताना सांगतो. भाडं ठरल्याशिवाय मुलाला चढू देऊ नका, कारण एकदा ते वर बसलं की भाव करणं संपलंच.

दुसरा सापळा बॅगचा. आत खाऊ, मोठ्या बॅगा, ट्रायपॉड चालत नाहीत, हे खरं आहे. मुलांची खेळणी आणि रंगाच्या पेट्याही तपासणीत अडकतात. नेमकं याच वेळी कोणीतरी सांगतं, “बॅग मेरी दुकान में रख दो, फ्री लॉकर.” बाहेर येताना बॅग घ्यायला त्या दुकानात जावं लागतं आणि तिथे अर्धा तास जातो. अधिकृत क्लोकरूम दरवाजापाशी आहे. त्याहून बरं म्हणजे पाणी, मोबाइल, पाकीट आणि मुलांचे जाड मोजे एवढंच न्या. मकबऱ्यावर बूट काढायचे असतात, उन्हाळ्यात दुपारी फरशी तापते, आणि मोजे असले की ‘शू कव्हर कंपल्सरी है’ म्हणून दुप्पट भावाने विकणाऱ्याची गरज राहत नाही.

गाईड हवा असेल तर जरूर घ्या. चांगला गाईड मुलांना जाळीतली भूमिती आणि मिनारांचा बाहेरचा झुकाव दाखवतो, ते पुस्तकात बघून कळत नाही. पण फोटो असलेलं ओळखपत्र, परवाना क्रमांक आणि मुदत स्वतः वाचा. गळ्यात पट्टा आहे एवढं पुरेसं नाही. अधिकृत दर माणशी नसतो. तो गटाच्या संख्येवर आणि अर्धा दिवस-पूर्ण दिवस यावर असतो, आणि एक ते पाच जणांचा गट एकच धरला जातो. ठरवतानाच म्हणा: “दुकान नहीं जाएँगे, चाहिए तो सौ रुपये ज़्यादा लो.” यावर तोंड वाकडं झालं तर तो गाईड नव्हेच, दुकानाचा माणूस आहे.

आग्र्याच्या किल्ल्यात मराठी माणूस वेगळ्याच ओढीने जातो, आणि ते बोलण्यावरून लगेच ओळखू येतं. “शिवाजी महाराज को जिस कोठरी में रखा था वो दिखाता हूँ, बंद हिस्सा है, पाँच सौ लगेंगे.” 12 मे 1666 ला महाराज औरंगजेबाच्या दरबारात आले, पण नजरकैद किल्ल्यातल्या कोठडीत नव्हती. मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंह याच्या देखरेखीखाली महाराज किल्ल्याबाहेर शहरात होते आणि ऑगस्टमध्ये तिथूनच निसटले. किल्ल्याचा मोठा भाग लष्कराकडे आहे, तो पाचशे रुपये देऊन उघडत नाही. मुलांना दाखवायचं तर अमरसिंह दरवाजासमोरचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा दाखवा. त्याला तिकीट नाही.

आता संगमरवर, कारण सर्वांत मोठी रक्कम इथेच जाते. दुकानात शिरल्यावर आधी कारागीर दाखवतात: सान फिरतेय, कार्नेलियन या लाल दगडाची पाकळी घासली जातेय, मुलं डोळे विस्फारून बघतायत. “हमारे पुरखों ने ताज बनाया.” मग दिवे मालवतात आणि पेटीखाली टॉर्च धरतात. दगडातून उजेड पाझरतो, लाल पाकळ्या निखाऱ्यासारख्या पेटतात. “देखिए, असली मकराना, नकली में से लाइट नहीं जाती.” मकराना म्हणजे राजस्थानातल्या त्या गावचा, ताजला वापरलेला संगमरवर. हा प्रयोग खरा आहे, निष्कर्ष खोटा. अलाबास्टर या मऊ दगडातूनही उजेड जातो, संगमरवरापेक्षा जास्तच जातो.

टॉर्चपेक्षा नखावर विश्वास ठेवा. कठीणपणाच्या मोजपट्टीवर सोपस्टोन हा संगमरवर म्हणून खपवला जाणारा मऊ दगड 1 च्या आसपास, अलाबास्टर 2, माणसाचं नख अडीच, संगमरवर 3. म्हणजे सोपस्टोन आणि अलाबास्टरवर नखाने ओरखडा उठतो, संगमरवरावर उठत नाही. वस्तू उलटी करा, तळाला पॉलिश कमी असलेल्या जागी नख जोरात ओढा, मग बोटाने पुसा. पांढरी भुकटी निघून खाच राहिली तर तो संगमरवर नव्हे. दुकानदार नख लावू देत नसेल तर उत्तर मिळालंच. जडावकाम असं तपासा: पाकळीवरून नख फिरवताना कड लागता कामा नये, आणि एकाच रंगाच्या दोन पाकळ्या हुबेहूब सारख्या असतील तर संशय घ्या. खऱ्या दगडात छटा आणि रेषा बदलतात, रंगवलेल्या किंवा राळ भरलेल्या कामात बदलत नाहीत. भावही बोलका असतो. आठ हजारांची तबकडी तुम्ही दाराकडे वळताच अडीच हजारांवर येत असेल तर ती अडीचलाही महाग आहे.

सोपस्टोनची वस्तू वाईट नाही. दोन-तीनशेत घ्या, मुलांना द्या. तक्रार तिला मकराना म्हणण्याबद्दल आहे. महाग काही घ्यायचंच ठरलं तर बिलावर ‘संगमरवर’ किंवा ‘मार्बल’ असं लिहून घ्या. ‘हँडिक्राफ्ट आयटम’ एवढंच लिहिलं तर पुढे दाद मागताना तुमच्या हातात काहीच नसतं. जीएसटी क्रमांक 15 अंकी-अक्षरी असतो. उत्तर प्रदेशातला 09 ने सुरू होतो, राजस्थानातला 08 ने. जीएसटी पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव दिसतं. आणि ‘कुरिअरने घरी पाठवतो’ याला नकार द्या, वाटेत वस्तू बदलते. नाइलाजच असेल तर तळावर कायम शाईच्या पेनने सही करा, त्यासह फोटो काढा आणि पैसे कार्डाने भरा.

जयपूरच्या वाटेवर सुमारे चाळीस किलोमीटरवर फतेहपूर सिक्री लागतं. गावाबाहेर रस्त्यावर उभे राहून गाड्या थांबवणारे ‘गाईड यहीं से लेना ज़रूरी है’ सांगतात. तसा कोणताही नियम नाही, ड्रायव्हरला थांबू नको म्हणून आधीच सांगा. सलीम चिश्तींचा दर्गा आणि बुलंद दरवाजा यांना तिकीट नाही, महालांना आहे. दर्ग्यात मुलांच्या नावाने मन्नत मागायला लावतात, आणि जाळीला धागा बांधायच्या आधी चादर घ्यावी लागेल असा आग्रह होतो, हजारापासून वर. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून मागितल्यावर नाही म्हणवत नाही. श्रद्धा असेल तर धागा बांधा आणि दानपेटीत हवे तेवढे टाका, चादर सक्तीची नाही.

जयपुरात प्रकार तेच, माल वेगळा. आमेर, हवामहल, जंतरमंतर, नाहरगढ, अल्बर्ट हॉल असं बरंच काही एका एकत्रित तिकिटात येतं. सिटी पॅलेस आणि जयगड त्यात नाहीत. आमेरच्या रस्त्यावरच्या ‘सरकारी एम्पोरियम’मध्ये ठशाने छपाई करून दाखवतात आणि विकतात स्क्रीन प्रिंट. ठशाच्या कापडात जोड किंचित हुकलेले असतात आणि रंग मागच्या बाजूला उतरतो. रत्नांच्या दुकानात ‘इन्व्हेस्टमेंट’ शब्द निघाला की उठा. पर्यटकांच्या मागे लागणाऱ्या दलालांविरुद्ध राजस्थानात 2010 चा कायदा आहे, तो सांगितला तरी बरेच जण मागे हटतात. राजस्थानी पोशाखातल्या फोटोसाठी शंभर रुपये म्हणजे पोशाखाचे की एका प्रिंटचे, हे मुलीला घागरा चढवण्याआधी विचारा. नंतर तीस प्रिंट समोर येतात आणि पोरगी त्यातला एकही सोडायला तयार नसते.

फसलातच तर वेळ घालवू नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच 1930 ला फोन करा आणि बँकेलाही कळवा. पहिल्या तासाभरात पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. पर्यटकांसाठी 1363 चोवीस तास चालू असतो, आणि खोट्या मालाबद्दल ग्राहक हेल्पलाइन 1915. तक्रारीला बिल, वस्तूचा तळासकट फोटो, गाडीचा नंबर आणि गाईडच्या ओळखपत्राचा फोटो लागतो. तो फोटो सकाळी गाईड ठरवतानाच काढून ठेवायचा. संध्याकाळी गाईड सापडत नाही.