आठवी गणित एक्झेम्पलर: जून ते डिसेंबर वापरल्यानंतर

नवोदय विद्यालयाच्या नववी प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या आठवीच्या मुलांसाठी एनसीईआरटीचं एक्झेम्पलर, म्हणजे सरावाच्या प्रश्नांचं हे पुस्तक, सात महिने वापरलं. गणित शिकायला ते उपयोगाचं नाही. शिकलेलं कुठे कच्चं राहिलंय, ते मात्र याच्याइतकं स्वस्तात दुसरं काही दाखवत नाही. पीडीएफ फुकट आहे. तेराच्या तेरा प्रकरणं एकदम छापू नका, लागतील तशी पाठपोट काढा.

पुस्तकाच्या मागे फक्त उत्तरं आहेत, रीत नाही. इथेच बहुतेक घरी गाडी अडते. (x−3)/4 − (x−5)/6 = 2 हे समीकरण घ्या. 12 ने गुणलं की 3(x−3) − 2(x−5) = 24. मूल −2 गुणिले −5 चे −10 लिहितं आणि उत्तर 43 काढतं. बरोबर उत्तर 23. मागचं उत्तर पाहून 'सिली मिस्टेक' म्हणत पान उलटलं, की पुढच्या आठवड्यात तीच चूक परत. म्हणून शंभर पानी वही वेगळी ठेवा. प्रत्येक चुकीपुढे 'वाचन', 'आकडेमोड' किंवा 'कल्पना' यापैकी एक शब्द लिहायचा आणि तेच गणित सातव्या व एकविसाव्या दिवशी कोऱ्या कागदावर सोडवायचं. √0.9 = 0.3 ही आकडेमोडीची चूक वाटते, पण असते कल्पनेची: 0.3 चा वर्ग 0.09 होतो.

मराठी माध्यमाच्या मुलांना खरा त्रास शब्दांचा. ही परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत असते. समभुज चौकोनाचे गुणधर्म घडाघडा सांगणारी मुलगी 'ऱ्हॉम्बस' वाचून थबकते. समलंब चौकोन म्हणजे ट्रॅपेझियम, इष्टिकाचिती म्हणजे क्युबॉइड, छापील किंमत म्हणजे मार्क्ड प्राइस. अशी चाळीसेक शब्दांची यादी पहिल्याच आठवड्यात भिंतीवर लावा. सेमी-इंग्रजीवाल्यांची यातून सुटका.

परीक्षेत 100 पैकी 35 गुण गणिताचे, प्रश्नाला एक गुण, वेळ अडीच तास. गणिताच्या प्रश्नाला दोन मिनिटं दिली तर 70 मिनिटं जातात, बाकीच्या 65 प्रश्नांना 80 उरतात. दिवाळीपर्यंत घड्याळ लावू नका. त्यानंतर 20 प्रश्न, 40 मिनिटं. या पुस्तकातले काही प्रश्न दोन मिनिटांत होणारे नाहीतच, ते वगळून संच बनवावा लागतो. आलेख आणि घनाकृतींची प्रकरणं शेवटी ठेवली तरी चालतात. शेकडेवारी आणि महत्त्वमापनाला मात्र दुप्पट वेळ द्या.

नवी मुंबईकरांनी फॉर्म भरताना जिल्हा नीट बघावा. राहणं आणि आठवीची शाळा दोन्ही त्याच जिल्ह्यात लागतात. ऐरोली-वाशी ठाण्यात, खारघर-पनवेल रायगडात.